टोपणनाव दूरच्या यंत्राला का कळत नाही?

(शब्दांकनाविषयी : व्याख्यानात सांगितलेल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या. 'सर्व्हर' या शब्दाच्या जागी आपापल्या दूरच्या यंत्राचं नाव घालावं.)



मागच्या वेळी आपण एसएसएच वापरून दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी कशी करायची ते पाहिलं. त्यानंतर तिघा-चौघांनी साधारण एकच प्रश्न विचारला. प्रश्न असा : दूरच्या यंत्रावर लॉगिन करून 'एलएल' टाइप केलं, की फायलींची सविस्तर यादी येते. पण लॉगिन न करता, इथूनच एका ओळीत

एसएसएच सर्व्हर एलएल

असं लिहून पाठवलं, तर उत्तर येतं 'कमांड नॉट फाउंड'. यंत्र तेच, खातं तेच, पासवर्ड तोच, शब्दही तोच. मग एकदा कळतो आणि एकदा कळत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

आजचं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. संगणकाकडे वळलो तो निवृत्तीनंतर. त्यामुळे हा प्रश्न ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा तो भाषेचा वाटला. शब्दाला अर्थ कोण देतं, आणि तो अर्थ कुठपर्यंत चालतो, असा तो प्रश्न आहे. पण तत्त्वचर्चा नंतर. आधी यंत्रात नेमकं काय घडतं ते नीट पाहू, कारण ते कळल्याशिवाय बाकी सगळं हवेतलं बोलणं होईल.

एलियस म्हणजे काय

'एलएल' ही खरं तर कमांडच नाही. फायलींची यादी देणारी कमांड आहे 'एलएस'. तिला 'हायफन एल' जोडलं की सविस्तर यादी मिळते. आता हे दिवसातून पन्नास वेळा टाइप करायचा कंटाळा येतो. म्हणून आपण शेलला सांगून ठेवतो, की मी 'एलएल' म्हटलं की तू 'एलएस हायफन एल' असं समज. या टोपणनावाला एलियस म्हणतात. त्याची व्याख्या अशी लिहितात :

एलियस एलएल='एलएस -एल'

शेल म्हणजे काय, ते पुन्हा एकदा सांगतो. आपण टाइप केलेली ओळ वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि काम योग्य त्या प्रोग्रॅमकडे सोपवायचं, हे करणारा जो दुभाषी असतो तो शेल. 'शेल' हा शब्द लुई पूझां या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने मल्टिक्स प्रणालीच्या काळात, १९६० च्या दशकात वापरात आणला. पुढे युनिक्समध्ये एकामागून एक शेल झाले. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, पण त्यात एलियस नव्हतं. त्याच सुमारास बर्कलीला बिल जॉय यांनी सी शेल लिहिला, त्यात एलियस होतं. बेल लॅब्जमध्ये डेव्हिड कॉर्न यांनी आपल्या शेलमध्ये ते घेतलं. आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी जो बॅश लिहिला, तो आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर असतो. आपण आज बॅशबद्दलच बोलणार आहोत.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. एलियसची सोय जन्माला आली ती यंत्रासमोर बसून टाइप करणाऱ्या माणसासाठी, त्याच्या बोटांचे कष्ट वाचावेत म्हणून. माणूस समोर आहे, तो टाइप करतोय, उत्तर वाचतोय, चुकलं तर पुन्हा टाइप करतोय, हे सगळं त्यात गृहीत आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ओळ पाठवली की काय होतं

एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तातू इलोनेन यांनी तयार केलं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी चोरून पासवर्ड टिपत होतं, हे त्याचं निमित्त. त्याआधी टेलनेट, आरलॉगिन, आरएसएच अशी साधनं होती, पण त्यांत पासवर्ड उघडाच तारेवरून जायचा. एसएसएचने तो कुलूपबंद केला. मात्र दूरच्या यंत्रावर एक ओळ पाठवून काम करवून घ्यायची रीत जुन्या साधनांकडून जशीच्या तशी आली.

ती रीत काय आहे? एसएसएच दोन वेगवेगळ्या प्रकारे वागतं. नुसतं 'एसएसएच सर्व्हर' म्हटलं, तर दूरच्या यंत्रावर एक टर्मिनल तयार होतं, त्यावर शेल सुरू होतो आणि तो आपल्याशी बोलायला बसतो. याला संवादी शेल म्हणू. पण पुढे कमांड जोडली, तर टर्मिनल तयार होत नाही. तिकडचा एसएसएच सेवक आपला शेल सुरू करतो आणि त्याच्या हातात ती ओळ चिठ्ठीसारखी देतो : एवढं कर, उत्तर दे आणि संप. हा असंवादी शेल. समोर कोणी बसलेलं आहे असं तो मानतच नाही.

आता 'एलएल'ची वाट तीन ठिकाणी अडते. एकेक पाहू.

पहिली अडचण फायलीची. आपली टोपणनावं आपल्या होम डिरेक्टरीतल्या 'डॉट बॅशआरसी' नावाच्या फायलीत लिहिलेली असतात. एसएसएचने सुरू केलेला बॅश बहुतेक लिनक्सवर ही फाइल उघडतो, अगदी असंवादी असला तरी. पण उबुंटू आणि डेबियनवर त्या फायलीच्या अगदी सुरुवातीला काही ओळी असतात. त्यांचा मथितार्थ एवढाच : शेल संवादी नसेल, तर इथूनच परत फिर. दारातच पहारेकरी बसवला आहे. टोपणनावं त्याच्या मागे, खालच्या ओळींत आहेत. असंवादी शेल तिथपर्यंत पोचतच नाही.

हा पहारेकरी का बसवला? कारण पुष्कळ लोक या फायलीत स्वागताचा मजकूर, रंग, आजची तारीख असं काहीबाही छापायला सांगतात. एससीपी किंवा आरसिंकसारखी फायली पाठवणारी साधनंही याच जोडणीतून जातात. ती दुसऱ्या टोकाकडून ठरलेल्या साच्यातली माहिती अपेक्षित असतात आणि मध्येच 'सुप्रभात' आलं की गोंधळतात. तेव्हा पहारेकरी शहाणपणानेच बसवला आहे.

दुसरी अडचण शेलच्या स्वभावाची. समजा, आपण पहारेकऱ्याला उठवला आणि टोपणनावं फायलीत सर्वांत वर नेऊन ठेवली. तरीही काम होत नाही. कारण असंवादी बॅश टोपणनावाची व्याख्या ऐकून घेतो, पण वापरताना ती लावत नाही. तसा नियमच आहे. लावायची असेल तर वेगळी परवानगी द्यावी लागते :

शॉप्ट -एस एक्सपांड_एलियसेस

तिसरी अडचण सर्वांत चकवणारी. कोणी म्हणेल, ठीक आहे, मी परवानगी, व्याख्या आणि वापर हे तिन्ही एकाच ओळीत, अर्धविराम देऊन पाठवतो. तरीही 'कमांड नॉट फाउंड'! कारण टोपणनाव उलगडतं ते ओळ वाचताना, ती चालवताना नव्हे. शेलने आख्खी ओळ आधी वाचली. वाचताना त्यातलं शेवटचं टोपणनाव त्याला अनोळखी होतं, कारण व्याख्या अजून अमलात आली नव्हती. व्याख्या अमलात येईपर्यंत वाचन संपलेलं असतं. म्हणून व्याख्या आधीच्या ओळीवर हवी आणि वापर पुढच्या ओळीवर.

पाणिनीची आठवण

इथे मला पाणिनी आठवतो. अष्टाध्यायीत काही सूत्रं नुसती नावं ठेवण्यासाठी आहेत. त्यांना संज्ञासूत्रं म्हणतात. पहिलंच सूत्र घ्या. त्यात पाणिनी सांगतो की आ, ऐ आणि औ या स्वरांना 'वृद्धि' म्हणायचं. रोजच्या संस्कृतात वृद्धि म्हणजे वाढ. पण अष्टाध्यायीच्या आत, ही व्याख्या झाल्यानंतर, वृद्धि म्हणजे ते तीन स्वर. हजारो सूत्रांचा ग्रंथ पाठ करायचा असेल तर अशी आखूड नावं लागणारच. बोटांचे कष्ट वाचवणारा एलियस आणि पाठांतराचे कष्ट वाचवणारी संज्ञा, गरज सारखीच आहे.

पण अट काय? ग्रंथ ज्याने सुरुवातीपासून वाचला, त्यालाच ती संज्ञा कळते. एखादं सूत्र सुटं काढून अनोळखी माणसाच्या हातात दिलं, तर त्याच्यासाठी 'वृद्धि' पुन्हा वाढच होते. त्याची चूक नाही. त्याने संज्ञासूत्र वाचलेलंच नाही. आपण एसएसएचने एक सुटी ओळ पाठवतो, तेव्हा नेमकं हेच घडत असतं.

शब्द आणि अर्थ यांचं नातं काय, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. मीमांसक म्हणाले, हे नातं नित्य आहे, कोणी ठरवलेलं नाही. नैयायिक म्हणाले, नाही, ते संकेताने ठरतं. या शब्दाने हा अर्थ समजायचा, असं ठरवलं म्हणून तो समजतो. शेलच्या राज्यात मीमांसकांचं काही चालत नाही. इथे सगळा कारभार संकेताचा आहे. मात्र संकेत दोन प्रकारचे आहेत. 'एलएस' हा सार्वजनिक संकेत आहे. पॉसिक्स नावाचं जे मानक आहे, त्यात तो लिहिलेला आहे, आणि युनिक्सच्या कुठल्याही वंशजावर तो चालतो. 'एलएल' हा घरगुती संकेत. उबुंटूवर नव्या खात्याला 'एलएल' आयतं मिळतं आणि त्याचा अर्थ असतो 'एलएस -एएलएफ' (यातलं 'एफ' मात्र कॅपिटल), म्हणजे लपलेल्या फायलींसकट यादी. रेड हॅटवरही 'एलएल' आयतं मिळतं, पण तिथे अर्थ 'एलएस -एल', लपलेल्या फायली वगळून. शब्द एक, घरं दोन, अर्थ दोन. यादीपुरतं हे चालून जातं. सगळीकडे चालत नाही.

जिथे नुकसान होतं

'कमांड नॉट फाउंड' आलं तर मी म्हणेन नशीब चांगलं. काम झालं नाही, पण आपल्याला तसं कळलं तरी. खरा धोका आहे तो शब्द दोन्हीकडे सापडतो आणि अर्थ मात्र बदलतो, तिथे.

फायली पुसण्याची कमांड आहे 'आरएम'. ती विचारत नाही, पुसते. तिला 'हायफन आय' जोडलं, तर प्रत्येक फायलीला विचारते, काढू का? रेड हॅटच्या वंशातल्या यंत्रांवर रूट, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या खात्यात, पूर्वापार एक टोपणनाव घालून ठेवलेलं असतं :

एलियस आरएम='आरएम -आय'

हेतू चांगला आहे. सर्वाधिकार असलेल्या माणसाच्या हातून चुकून काही जाऊ नये. पण परिणाम असा होतो, की त्या यंत्रावर रोज काम करणाऱ्याला 'आरएम हा विचारतो' अशी सवय लागते. तो स्वभाव आरएमचा नाही, टोपणनावाचा आहे, हे तो विसरतो.

आम्ही काही मित्र जुन्या पोथ्यांची छायाचित्रं काढून एका दूरच्या यंत्रावर जपून ठेवतो. गटात तरुण स्वयंसेवक आहेत. त्यांच्यातल्या एकाने एका संध्याकाळी धूसर आलेली छायाचित्रं काढून टाकायचं ठरवलं. आरएम प्रत्येक चित्राला विचारेल, धूसर असेल तिथे हो म्हणू, चांगलं असेल तिथे नाही म्हणू, असा त्याचा बेत. लॉगिन करून तो हे नेहमी करायचा. त्या दिवशी घाईत होता, म्हणून घरूनच एका ओळीत एसएसएचने कमांड पाठवली. यंत्राने काहीही विचारलं नाही. क्षणभरात प्रॉम्प्ट परत आला. त्या फोल्डरमध्ये चांगलं-वाईट काहीच उरलं नव्हतं.

जुनी चित्रं दुसऱ्या डिस्कवर होती, ती परत आली. पण त्या आठवड्यातली एक पोथी अजून कुठेच उतरवलेली नव्हती. ज्या घरातून ती आणली होती, तिथे पुन्हा जाऊन विनंती करावी लागली. पानं इतकी जीर्ण, की कडा बोटाला लागताच तुटत होत्या. एकदा उघडणं हाच अपराध, ती दुसऱ्यांदा उघडावी लागली. यंत्रात बिघाड नव्हता. एसएसएचने सांगितलं तेच केलं. तिकडे पोचला तो मूळ 'आरएम', घरगुती नव्हे.

उलट बाजूही पाहा. कोणी म्हणेल, मग असंवादी शेललाही जबरदस्तीने टोपणनावं वापरायला लावू. ठीक. आता रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या एखाद्या कामात 'आरएम' आहे. तो विचारणार, काढू का? समोर कोणी नाही. उत्तर येत नाही. फायली तशाच राहतात, डिस्क भरत जाते आणि कारण महिनाभर कोणाला कळत नाही.

म्हणून बॅशच्या कर्त्यांनी असंवादी शेलमध्ये टोपणनावं बंद ठेवली, यात मला सूज्ञपणा दिसतो. लिहून ठेवलेल्या कामाचा अर्थ ते कोणाच्या खात्यातून चाललं आणि त्या माणसाच्या काय सवयी आहेत, यावर अवलंबून असता कामा नये. पत्रात लिहिलेलं वाचणारा कोणीही असला तरी त्यातून एकच अर्थ निघाला पाहिजे.

मग करायचं काय

आता उपाय सांगतो. सोप्यापासून सुरुवात करू.

एक : पूर्ण नाव लिहा. 'एसएसएच सर्व्हर एलएस -एल'. थोडी अक्षरं जास्त पडतात, पण अर्थाबद्दल शंका राहत नाही. आणि आरएमला विचारायला लावायचं असेल, तर 'हायफन आय' स्वतःच्या हाताने लिहा. फक्त तेव्हा एसएसएचला 'हायफन टी' द्या, म्हणजे टर्मिनल तयार होतं आणि प्रश्नोत्तरं नीट होतात.

दोन : कधीमधी, स्वतः समोर बसलेलो असताना टोपणनावच वापरायचं असेल, तर दूरच्या यंत्रावर मुद्दाम संवादी शेल सुरू करा :

एसएसएच -टी सर्व्हर "बॅश -आयसी 'एलएल'"

यातलं 'आय' म्हणजे संवादी हो, आणि 'सी' म्हणजे ही ओळ चालव. शेल संवादी झाला, की पहारेकरी आत सोडतो, टोपणनावं वाचली जातात आणि लावलीही जातात. 'हायफन टी' विसरलात, तर काम होतं, पण टर्मिनल नसल्याची एक-दोन ओळींची कुरकूर ऐकावी लागते.

इथे अवतरणचिन्हांकडे लक्ष द्या. बाहेरची दुहेरी, आतली एकेरी. एसएसएच काय करतं, की पुढे दिलेले सगळे शब्द मध्ये एकेक जागा सोडून जोडतं आणि एक लांब ओळ करून पाठवतं. बाहेरची अवतरणं आपल्याच यंत्रावरचा शेल काढून टाकतो. आतली शिल्लक राहिली तरच तिकडच्या शेलला कळतं, की एवढा भाग एकत्र आहे. नुसतं 'एलएल' असेल तोवर फरक पडत नाही, पण 'एलएल' पुढे फोल्डरचं नाव आलं, की आतली अवतरणं नसल्यास ते नाव वाटेतच गळतं आणि यादी भलत्याच जागेची येते.

हा उपाय आपोआप चालणाऱ्या कामात वापरू नका. 'हायफन टी'मुळे उत्तर आणि चुकीचे संदेश एकाच प्रवाहात मिसळतात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह येतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण पुढच्या प्रोग्रॅमला ते खड्यासारखं लागतं.

तीन : टोपणनावाऐवजी फंक्शन लिहा. बॅशच्या मार्गदर्शिकेचा सल्लाही हाच आहे. फंक्शनला संवादी-असंवादी हा भेद नाही. त्याला मध्ये कुठेही माहिती पुरवता येते, एलियसला फक्त शेवटी शेपूट जोडता येतं. पण ते 'डॉट बॅशआरसी'त पहारेकऱ्याच्या वर लिहायला हवं, नाहीतर त्याचीही तीच गत. आणि हो, फंक्शनला 'आरएम'सारखं सार्वजनिक नाव देऊ नका. स्वतःचं वेगळं नाव द्या. मग ते जिथे नसेल तिथे निदान 'कमांड नॉट फाउंड' येईल. गप्प राहून नुकसान होण्यापेक्षा ते बरं.

चार : काम कायमचं असेल आणि दुसऱ्यांनाही लागणार असेल, तर दूरच्या यंत्रावर छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा. बोलावताना तिचा पूर्ण पत्ता द्या, कारण आपल्या होममधल्या 'बिन' फोल्डरचा पत्ता पुष्कळदा फक्त लॉगिन करतानाच शेलला सांगितला जातो. पत्त्यात होमसाठीचं टिल्डचं चिन्ह असेल, तर तो एकेरी अवतरणात ठेवा. नाहीतर आपलाच शेल ते आधी उलगडतो आणि आपल्या घरचा पत्ता तिकडे पाठवून देतो.

आणि एक लहानशी पण फार उपयोगी कमांड : 'टाइप'. दूरच्या यंत्रावर लॉगिन करा आणि लिहा 'टाइप आरएम'. हा शब्द टोपणनाव आहे, फंक्शन आहे, शेलची अंगभूत कमांड आहे की डिस्कवरची फाइल, ते शेल सांगतो. मग तेच बाहेरून विचारा : 'एसएसएच सर्व्हर टाइप आरएम'. दोन उत्तरं वेगळी आली, तर तिथे सावध व्हा. त्या तरुणाला मी पुढे हेच करायला सांगितलं. आता तो नवं यंत्र हाती आलं की आधी 'आरएम', 'सीपी' आणि 'एमव्ही' या तिघांची अशी चौकशी करतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे मॅक आहे. तिथेही हेच लागू होतं का?

उत्तर : मॅकवर २०१९ पासून नव्या खात्याला बॅशऐवजी झेडशेल मिळतो. त्याचा स्वभाव थोडा वेगळा. तो असंवादी असतानाही टोपणनावं लावतो. पण 'डॉट झेडएसएचआरसी' ही फाइल तो फक्त संवादी असतानाच वाचतो. 'डॉट झेडएसएचएन्व्ह' मात्र नेहमी वाचतो. म्हणजे टोपणनाव तिथे ठेवलं तर बाहेरूनही चालेल. पण आरएमच्या बाबतीत सांगितलेला धोका यामुळे टळत नाही, उलट तो लपतो. दूरच्या यंत्रावर कुठला शेल आहे ते आधी पाहा. आपल्या समोरचा शेल कुठला, याने तिकडे काही फरक पडत नाही.

प्रश्न : एसएसएचच्या कॉन्फिग फायलीत आम्ही यंत्रांना छोटी नावं देतो. तीही टोपणनावंच ना? मग ती कशी चालतात?

उत्तर : चांगला प्रश्न. ती टोपणनावंच आहेत. पण त्यांचा अर्थ कोण लावतं? आपल्याच यंत्रावरचा एसएसएच. नाव उलगडून खरा पत्ता मिळाला, की मगच जोडणी बाहेर पडते. नाव ठेवणारा आणि ओळखणारा एकाच घरात आहेत, म्हणून अडत नाही. 'एलएल'चं तसं नाही. आपला शेल ओळीतला पहिला शब्द टोपणनाव आहे का ते बघतो. इथे पहिला शब्द आहे 'एसएसएच'. पुढचा 'एलएल' तो न उलगडता पुढे सरकवतो, आणि तिकडच्याला तो माहीत नसतो.

तेव्हा दूर पाठवायची ओळ लिहिताना प्रत्येक शब्दाला एवढं विचारून घ्या, की याचा अर्थ लावणारा इकडचा की तिकडचा, आणि तिकडचा असेल तर त्याला हे नाव कोणी सांगितलंय? उत्तर देता आलं नाही, तर पूर्ण नाव लिहा.

पुढच्या वेळी आपण किल्ल्यांबद्दल बोलू. पासवर्ड न देता ओळख कशी पटवायची, आणि एका किल्लीला एकच काम करायची मुभा कशी द्यायची, ते पाहू.